बीपीची नसबंदी

गेल्या वर्षी मला बीपीच्या पाच गोळ्या चालू होत्या. त्यातली मी एक घेत होतो.

उरलेल्या चार, सिंदी मेघेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी जी नाली आहे, तिच्यात जात होत्या. त्या नालीतल्या डासांचा रक्तदाब त्या काळात अगदी आदर्श असणार!

मी अडाणी माणूस नाही, हे आधी सांगून टाकतो. वर्ध्याच्या बसस्टँडवर मी वाहतूक नियंत्रक आहे. खिडकीत बसून मायक्रोफोनमध्ये 'आर्वीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर' असं सांगणारा जो आवाज असतो, तो माझा. (गाडी सहावर लागलेली असली, तर तो दोषही माझा. मी चष्मा घरी विसरतो.)

तर, गोळ्या बंद करण्यामागे माझी कारणं होती. पहिली गोळी लघवीची. डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, "हिच्यानं अंगातलं जास्तीचं पाणी आणि मीठ निघून जाईल." गेलं! दर वीस मिनिटांनी गेलं! आता खिडकीत मी एकटा. मी उठलो की मागे रांग. एकदा परत येऊन पाहतो, तर एक म्हातारी खिडकीतून हात घालून, मायक्रोफोन स्वतःकडे ओढून बोलत होती, "अरे, कोनी हाये काय रे अंदर? का सारेच मुताले गेले?" अख्ख्या स्टँडनं ऐकलं. ती गोळी त्या दिवसापासून बंद.

दुसऱ्या गोळीनं कोरडा खोकला यायचा. घशात कोणी कुंचा फिरवल्यासारखा. "हिंगणघाटकडे जाणारी... खॉ... गाडी... खॉ खॉ... फलाट क्रमांक... खॉ..." एक गृहस्थ खिडकीशी येऊन अत्यंत अदबीनं म्हणाले, "साहेब, ते खॉ खॉ गाव कुठं आलं जी? मले आधीच्या स्टॉपवर उतराचं आहे." तीही बंद. तिसरीनं पाय सुजले, संध्याकाळी चप्पल काढायला दोन माणसं लागायची. ती बंद. चौथीचा काहीच त्रास नव्हता, पण तीन बंद केल्यावर एकटीला कशाला चालू ठेवायचं, म्हणून तीही बंद केली. पाचवी बारीक, गुलाबी आणि गोडसर होती. ती मात्र मी नियमानं घेत असे. डॉक्टरांचा मान ठेवला पाहिजे.

हे सगळं लपवायचं होतं ते माझ्या बायकोपासून. सुनंदा आमच्या गावची आशाताई आहे. टीबीची गोळी असो, गरोदर बाईची लोहाची गोळी असो, सुनंदानं हातावर ठेवली की माणूस निमूट गिळतो. एका पैलवानाला तिनं नाक दाबून औषध पाजलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रोज सकाळी मी ड्युटीवर निघालो की ती पाची गोळ्या माझ्या तळहातावर ठेवायची आणि समोर उभी राहायची. मी पाची तोंडात टाकायचो, चार गालात दाबायचो, गुलाबी पाण्याबरोबर गिळायचो आणि तोंड मिटून स्कूटरला किक मारायचो. गालातली एक गोळी इतकी कडू होती, की गल्लीच्या टोकापर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. सुनंदा शेजारणीला कौतुकानं सांगायची, "गोळ्या घेतल्या का हे पाहा कसे शांत होतात! लग्न झाल्यापासून एवढे शांत म्या कधी पाह्यले नाई."

बीपी मात्र शांत नव्हता. सुनंदाच्या पिशवीत मशीन असतंच. वरचा एकशे ऐंशी, खालचा एकशे दहा. दर आठवड्याला तोच आकडा. शेवटी तिनं मला परत डॉक्टर मॅडमकडे नेलं.

मॅडमनी कागद पाहिले, मला पाहिलं, परत कागद पाहिले. "लोहकरे, गोळ्या रोज घेता ना?"

मी तोंड उघडलं. खरं सांगणार होतो हो! अर्धं वाक्य जिभेवर आलं होतं. पण माझ्या आधी सुनंदा बोलली, "मॅडम, मी सोता हातावर ठेवते. माह्या डोळ्यासमोर घेतात. एक दिवसाचा खाडा नाई."

आता यापुढे खरं बोलायचं म्हणजे गावच्या आशाताईला डॉक्टरसमोर खोटं पाडायचं. मी सज्जन माणूस. मी तोंड मिटलं.

मग तपासण्या सुरू झाल्या. रक्त झालं, लघवी झाली, किडनीची सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल. मग माझ्या दंडाला चोवीस तासांसाठी एक पट्टा बांधला. तो दर अर्ध्या तासानं आपोआप फुगून बीपी मोजायचा, आणि फुगला की माझा हात आपोआप वर उचलला जायचा. मी तसाच ड्युटीवर गेलो. दुपारपर्यंत चार लोकांनी मला उलट नमस्कार केला, आणि एका ड्रायव्हरनं तो हात निघायचा इशारा समजून गाडी हलवली. निम्मे प्रवासी खाली उसाचा रस पीत उभे!

पट्ट्याचा अहवालही तोच आला. मॅडम चष्मा काढून म्हणाल्या, "तुमचा बीपी हट्टी आहे. औषधाला दाद देत नाही. अशा पेशंटसाठी एक वेगळी पद्धत आहे, नागपूरला करतात. चिरफाड नाही, टाके नाहीत. जांघेतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी घालायची, ती किडनीच्या रक्तवाहिनीपर्यंत न्यायची. त्या रक्तवाहिनीभोवती बारीक नसांचं जाळं असतं. बीपी वाढवायचे निरोप त्या नसांतून जातात-येतात. आतून थोडी उष्णता देऊन त्या निकामी करायच्या. निरोप कमी, तर बीपी कमी. एक-दोन दिवसांत घरी."

मी एकदम ताठ बसलो. "आणि गोळ्या?"

"एखाददुसरी कमी होऊ शकते. पण सगळ्या बंद होतील असं नाही."

यातलं मी फक्त 'सगळ्या बंद होतील' एवढंच ऐकलं. (माझ्या घोषणा लोक असंच अर्धवट ऐकतात आणि चुकीच्या गाडीत बसतात, म्हणून मी आयुष्यभर त्यांना नावं ठेवली!) माझ्या मनात आलं, एकदा ती नळी जाऊन आली की गोळी नाही, नाली नाही, कडू गाल नाही. मी लगेच म्हणालो, "करून टाकू."

माझा साळा रमेश. त्याचं नालवाडीला पाण्याच्या मोटरींना वाइंडिंग करायचं, म्हणजे जळालेल्या तारा काढून नव्या गुंडाळून द्यायचं दुकान आहे. जगातली कोणतीही गोष्ट तो मोबाइलवर एकदा पाहतो आणि त्यातला तज्ज्ञ होतो. बातमी कळताच तो आला आणि माझ्या बरगडीखाली बोट रोवून समजावू लागला, "भाऊजी, एकदम सोप्पं काम आहे. ही तुमची मोटर. म्हंजे किडनी. हिच्यावर वायरी गेल्या आहेत न, त्याच्यात करंट जास्त येऊन राह्यला. त्या वायरी जाळून टाकाच्या. मामला खतम!"

"आणि मोटर जळाली तर?"

"आपलं दुकान कायले आहे?" असं म्हणून तो स्वतःच मोठ्यानं हसला. माझा बीपी त्या क्षणी बहुधा दोनशेला टेकला असावा.

रमेशनं हे ज्ञान स्वतःजवळ ठेवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्यानं गिरडला माझ्या मोठ्या बहिणीला फोन लावला. आक्का माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, म्हणून मला तिनंच वाढवलं. तिच्या कानाला ऐकू कमी येतं. रमेश म्हणाला, 'किडनीजवळच्या नसा जाळणार.' आक्कानं ऐकलं, 'किडनी जळाली.' दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती हातात पिशवी घेऊन हजर!

आली ती थेट माझ्यासमोर बसली. पिशवीतून गिरडच्या दर्ग्याच्या टेकडीवरचा प्रसाद काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "अरुण्या, घाबरू नोको. माह्या दोन हायेत. एक तू घेजो."

"काय दोन आहेत?"

"किडन्या! माह्या वयाले दोन कायले पाह्यजेत? मी विचारून आली. एकीवर माणूस जगते. बाबाले नवस बोलली मी, का माह्या भावाले बरं वाटूस्तोवर अन्नात मीठ घालनार नाई."

मी ओरडून ओरडून सांगितलं, की आक्का, किडनी शाबूत आहे, फक्त नसा! तिनं मान डोलावली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सुनंदाला हळूच म्हणाली, "त्याले धीर द्याले तसंच सांगितलं असन डॉक्टरनं. तू बी हो म्हणजो." आणि जेवताना तिनं खरोखरच अळणी वरण-भात खाल्ला. माझ्या ताटात त्या दिवशी आंब्याचं लोणचं होतं. (बीपीवाल्यानं खाऊ नये असं. मी खात होतो.) ते मी हळूच वाटीखाली सरकवलं. तेव्हाच कबूल करायला हवं होतं. पण आक्का वरण-भात कालवताना इतक्या समाधानात होती, की आता सांगितलं तर तिला केवढं वाईट वाटेल, असा मी विचार केला. माणूस स्वतःला फसवायला लागला की किती कनवाळू होतो पाहा!

इकडे बसस्टँडवर वेगळाच घोटाळा झाला. रमेश मला भेटायला आला असताना चहाच्या टपरीवर उभं राहून फोनवर कोणाला तरी सांगत होता, "हाव ना, भाऊजीचं ऑपरेशन आहे नागपूरले. नाई नाई, काटत नाई काही. जांघेतून करतात. नसा बंद करून टाकतात. दुसऱ्या दिवशी घरी!"

टपरीवर आठ-दहा ड्रायव्हर-कंडक्टर उभे होते. जांघ, नसा बंद, दुसऱ्या दिवशी घरी. एवढ्यावर त्यांनी निदान करून टाकलं.

दुपारी विठ्ठल ड्रायव्हर खिडकीशी आला. इकडं-तिकडं पाहिलं. आवाज खाली आणला. "साहेब, आयकलं ते खरं काय?"

"खरं आहे."

"पन काऊन जी? आता या वयात?"

"या वयातच करावं लागतं रे. तरुणपणी कोणाला गरज पडते?"

विठ्ठल विचारात पडला. "वहिनीले चालते?"

"तिचाच आग्रह आहे! वर्षभर रोज हातात मशीन घेऊन मागं लागली आहे माझ्या."

विठ्ठलचे डोळे एवढे मोठे झाले, की मला वाटलं त्याचाच बीपी चढला. तो मागे सरकला आणि मला नमस्कार करून निघून गेला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या डेपोत बातमी होती, की लोहकरे साहेब नसबंदी करून घेणार! माझ्या दोन्ही मुलींची लग्नं झालीत! मी एका नातवाचा आजोबा आहे! तरी लेडीज कंडक्टर माझ्या खिडकीवरून जाताना पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि एका तरुण कंडक्टरनं येऊन मला सांगितलं, "सर, तुमच्याकडे पाहून मी पण हिंमत करून राह्यलो."

बातमी घरापर्यंत पोहोचायला एक दिवस लागला. सुनंदा गेली वीस वर्षं सिंदी मेघेतल्या पुरुषांना नसबंदीसाठी तयार करत दारोदार फिरते आहे. आजवर फारसं कोणी बधलं नव्हतं. ती संध्याकाळी घरी आली तेव्हा तिच्या वरच्या मॅडमचा फोन आला. मी शेजारीच बसलो होतो, मला सगळं ऐकू येत होतं. "सुनंदाताई, अभिनंदन! स्वतःच्या घरापासून सुरुवात केलीत! पुढच्या बैठकीत तुमच्या यजमानांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. त्यांना दोन शब्द बोलायला सांगा, अनुभव म्हणून."

सुनंदानं फोन ठेवला. माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही स्टँडवर नेमकं काय सांगितलं?"

"बीपीचंच सांगितलं."

"बीपी हा शब्द वापरला होता काय त्याच्यात?"

मी आठवून पाहिलं. नव्हता वापरला.

तिनं मॅडमना परत फोन लावून खुलासा केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं, बरं. लाजत असतील ते. आपण सत्कार साधाच ठेवू."

त्या गोंधळात नागपूरचा दिवस उजाडला. रमेशच्या गाडीत पुढे रमेश, मागे मी मधोमध, एका बाजूला सुनंदा आणि दुसऱ्या बाजूला पोट सांभाळत बसलेली आक्का. तिनं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मला वाटलं उपास असेल.

हॉस्पिटलमध्ये भरती झालो. प्रोसिजर दुसऱ्या दिवशी सकाळी होती, पण तयारी आजच करून ठेवतात. मला पाठीमागून नाडीनं बांधायचा निळा झगा दिला. थोड्या वेळानं हातात वस्तरा घेऊन वॉर्डातला एक कर्मचारी आला, पडदा ओढला आणि म्हणाला, "काकाजी, झगा वर."

"कितपत?"

"लाजू नोका. सकाळपासून माहा पाचवा आहे."

तो रेडिओवर गाणं लागल्यासारखा गुणगुणत काम करत होता. मी छताकडे पाहत होतो. बावन्न वर्षांच्या आयुष्यात छताकडे इतकं एकाग्र होऊन मी कधी पाहिलं नव्हतं. आटोपल्यावर तो लांब उभा राहून, डोकं तिरपं करून पाहत म्हणाला, "एकदम साफ!" आणि समाधानानं निघून गेला.

मग मोठे डॉक्टर आले. पिकलेले केस, शांत आवाज. त्यांनीही तेच विचारलं, "गोळ्या नियमित?" आणि सुनंदानं तेच उत्तर दिलं. डॉक्टर म्हणाले, "छान. तरी आमचा एक नियम आहे. आजच्या सगळ्या गोळ्या आमच्या सिस्टरसमोर घ्यायच्या. त्यावरही बीपी वरच राहिला, तरच उद्या पुढं जायचं."

मी मनात म्हटलं, गाल आहे ना आपला! सिस्टरनं पाच गोळ्या दिल्या. मी सवयीनं चार गालात सारल्या, गुलाबी गिळली आणि तोंड मिटून तिच्याकडे पाहून हसलो.

"तोंड उघडा," सिस्टर म्हणाली.

मी नुसतंच हसलो.

"काका, तोंड उघडा. जीभ वर. आता गाल दाखवा."

तीस वर्षं ती हेच करत असावी. पलंगाशी सुनंदा उभी होती, आक्का उभी होती, रमेश उभा होता. मी डोळे मिटले आणि वर्षभरात पहिल्यांदा पाची गोळ्या गिळल्या.

तासाभरानं लघवीची गोळी कामाला लागली. मी झगा मागून धरून धावतच गेलो. आलो. परत गेलो. तिसऱ्यांदा परत येताना भिंत माझ्याकडे झुकल्यासारखी वाटली. चौथ्यांदा व्हरांड्यातले दिवे मंद झाले. (भर दुपारी!) पाचव्या खेपेला मी बाकावर बसलेल्या आक्काच्या पायाशी पोहोचलो, "आक्का, मला..." एवढं म्हणालो आणि पालथा पडलो. झग्याची नाडी सुटली. आक्कानं मला या अवस्थेत पाहिलं होतं ते शेवटचं मला आंघोळ घालताना, अर्धशतकापूर्वी!

तिनं अशी आरोळी ठोकली, की तीन वॉर्ड बाहेर आले. "अवं सुनंदा! याची किडनी बंद पडली वं! डॉक्टरले बलाव! माही काढा म्हना, आत्ताच काढा! मी सकाळपासून उपाशीच हाये त्याच्यासाठी!"

मला स्ट्रेचरवर टाकलं, पाय वर केले, सलाईन लावलं. सुनंदा माझा हात धरून नाडी मोजत होती, चुकत होती आणि परत पहिल्यापासून मोजत होती. वीस वर्षं लोकांच्या दुखण्याखुपण्यात वावरलेल्या बाईला मोजणीत चुकताना मी पहिल्यांदा पाहिलं. मला मात्र खात्री पटली होती, की मी चाललो.

डॉक्टरांनी बीपी पाहिला. चौऱ्याऐंशी. त्यांनी कागद पाहिले, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"लोहकरे, या पाच गोळ्यांवर कालपर्यंत तुमचा बीपी एकशे ऐंशी होता. त्याच पाच गोळ्यांवर आज चौऱ्याऐंशी. हे कसं काय?"

"मशीन बिघडलं असन," रमेश म्हणाला.

सगळे माझ्याकडे पाहत होते. पलीकडे आक्का सिस्टरचा दंड धरून तिला समजावत होती, "बाई, मले कोनत्या टेबलावर झोपाचं ते दाखव. लवकर कर." आणि सिस्टर तिला सोडवत होती आणि आक्का सोडत नव्हती. आणखी दोन मिनिटं मी गप्प राहिलो असतो तर आक्कानं स्वतःच टेबल शोधून काढलं असतं.

"एक," मी म्हणालो.

"एक काय?"

"एकच घेत होतो. गुलाबी."

रमेशला हसू फुटलं आणि तो तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला. सुनंदानं माझा हात सोडला.

मी सगळं सांगितलं. खिडकीतली म्हातारी, खॉ खॉ गाव, सुजलेले पाय, गाल, नाली. डॉक्टर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ही प्रोसिजर कोणासाठी आहे, माहीत आहे? जे प्रामाणिकपणे सगळी औषधं घेतात आणि तरी ज्यांचा बीपी उतरत नाही, त्यांच्यासाठी. तुमचा बीपी हट्टी नाही हो. तुम्ही आहात." त्यांनी फाइल मिटली. "खोकला आणणारी गोळी बदलता येते. पाय सुजले तर दुसरी देता येते. लघवीच्या गोळीची वेळ ड्युटी पाहून ठरवता येते. दोन मिनिटांचं काम होतं. फक्त सांगायचं होतं. आणि चार गोळ्या गटारात टाकून तुम्ही वर्षभर या बीपीवर फिरत होता, म्हणजे झटका आला नाही हे नशीब समजा."

ते गेल्यावर सुनंदा स्टुलावर बसली. मला वाटलं आता तोफ सुटणार. मी डोळे मिटून तयार होतो. पण ती हळू आवाजात म्हणाली, "मी रोज पंधरा घरी जाते. प्रत्येकाले इचारते, गोळीनं काही तरास होते काय. तुमाले एक दिवस नाई इचारलं मी. नुसती उभी राह्यली हातावर ठेवून."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "तू विचारलं असतं तरी मी खोटंच सांगितलं असतं."

"ते तर मले माहीत आहे," ती म्हणाली, आणि मग तिचा नेहमीचा आवाज परत आला. "घरी चला एकदा. मंग पाहते मी तुमच्याकडे."

आक्काला सगळा प्रकार रमेशनं तिच्या कानाशी तोंड नेऊन दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा कळल्यावर तिनं माझ्या पाठीत असा एक धपका घातला, की सलाईनची बाटली हलली. "मी माही किडनी घेऊन आली होती न रे, गद्‌ध्या!" मग तिनं रमेशला समोसा आणायला पिटाळलं आणि बाकावर बसून, भरपूर मिठाचे दोन समोसे खाऊन उपास सोडला.

दुसऱ्या दिवशी नळी न घालता, नस न जाळता, फक्त हजामत करून मी वर्ध्याला परत आलो.

स्टँडवर पहिल्याच दिवशी विठ्ठल खिडकीशी आला. "झालं काय साहेब?"

मी ठरवलं, आता खोटं नाही. म्हणालो, "नाही झालं. ऐन वेळी डॉक्टर म्हणाले, गरज नाही."

विठ्ठलनं माझ्याकडे अपार करुणेनं पाहिलं. "जाऊ द्या साहेब. वय झालं की गरज राहत नाई."

मी काच लावून घेतली.

नवस फेडायला आक्कानं मला गिरडला बोलावलं आणि दर्ग्याच्या टेकडीवर पायी चढवलं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंच होतं. ती माझ्यापुढे दहा पायऱ्या होती आणि मागे न बघता म्हणत होती, "चाल, चाल. खोटं बोलाले दम होता न वर्षभर?" वर पोहोचल्यावर तिनं माझ्यासाठी काय मागितलं ते सांगितलं नाही. पण बराच वेळ मागत होती.

तीन महिने झाले. गोळ्या बदलल्या, आता चार आहेत आणि चारही पोटात जातात. सकाळी सुनंदा सिस्टरसारखी माझी जीभ, गाल, टाळू, सगळं तपासते. शेजारीण हल्ली रोज त्याच वेळेला अंगणात झाडू घेऊन उभी असते.

मागच्या आठवड्यात आम्ही डॉक्टर मॅडमकडे गेलो. माझा बीपी एकशे अठ्ठावीस निघाला. मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, "ताई, आलाच आहात तर तुमचाही बघू."

सुनंदाचा एकशे साठ निघाला.

मॅडमनी दोनदा मोजला. तोच आला. शेजारी बसलेली नवी सिस्टर कागद भरायला लागली. तिनं सुनंदाला विचारलं, "ताई, आधीपासूनचा काही जुना त्रास?"

"आहे," सुनंदा म्हणाली. "लिहा. अरुण महादेव लोहकरे."

सिस्टरनं मान वर न करता लिहिलं. "किती दिवसांपासून?"

"एकतीस वर्ष झाले."

"औषध चालू आहे?"

"चालू आहे," सुनंदा म्हणाली, "पण गुण नाई."